सहाव्या खेपेची भुकटी

उमरी, ११ ऑगस्ट २०२४

आनंद्या,

जय भीम. धम्मप्रियानं वर ‘चिरंजीव आनंदराज यास अनेक आशीर्वाद’ असं लिहिलं होतं, ते मी खोडायला लावलं. आशीर्वाद एवढे सस्ते न्हाईत. अडीच वर्षं झाली, घरचा नंबर दिसला की तू फोन नुसता वाजू देतोस. म्हणून म्हणलं कागद पाठवावा. कागद आला की माणूस एकदा तरी उघडून बघतो, निदान कोर्टाची नोटीस तर न्हाई ना म्हणून.

शेजारची धम्मप्रिया तुला ठाऊक हाय, अंगणवाडीवाली. अक्षर चांगलं हाय तिचं असं लोक म्हणतात. मला काय, सगळ्यांचीच अक्षरं मुंग्या. पण ती लबाडी करती. मी ‘न्हाई’ म्हणलं की ‘नाही’ लिहिती. म्हणलं बाई, मी बोलते तसं लिही, न्हाईतर पोराला वाटायचं आजीच्या नावानं कोणी सरकारी मॅडम पत्र लिहून राहिली.

तू हैदराबादला गोळ्यांच्या फॅक्टरीत लागलास हे तुझ्या आत्याकडून कळलं. महामाया सगळं सांगती, पण खोदून विचारलं तर. पांढरा कोट घालतोस म्हणे, अन् दुसऱ्यांनी केलेल्या गोळ्या बरोबर हाईत का ते दिवसभर बघतोस. म्हणजे माझ्यासारखंच झालं तुझं. दुसऱ्यानं केलेल्यात खोड काढायची अन् पगार घ्यायचा. मला तर पगारबी न्हाई.

नांदेडला पीएचडी करत होतास तवा सुट्टीत चुलीपुढं बसून मला तुझं काम सांगायचास. औषधाच्या पोटात कड्या असतात, कडीत सगळे कार्बन हात धरून बसलेले अन् मधीच एखादा नायट्रोजन. मी म्हणलं, म्हणजे फेर धरलेल्या बायांत एक परगावची. तू म्हणलास, आजी, आमच्या सरांपेक्षा बरं सांगितलंस. अन् त्या बायांनी जल्दी हात धरावे म्हणून तुझी काळी भुकटी, लोखंडाची, पिठाहून बारीक. ती मधी पडून जमवून देती. काम झालं की बाहेरून लोहचुंबक लावायचा, सगळी भुकटी एका अंगाला. धुवा, वाळवा, परत कामाला लावा. मी म्हणलं, तू भुकटी केली न्हाईस आनंद्या, सून केलीस.

चुंबकाचं तर तुझ्या बापाकडूनच उचललंस. तेवीस वर्षं तो डाळ मिलमधी तुरीतले खिळे अन् तारेचे तुकडे चुंबकानं धरून राहिला. तूच म्हणला होतास, बाबा, ही युक्ती मला तुमच्या मिलमधी सुचली. त्या दिवशी निवृत्ती दोन भाकरी जास्त जेवला.

तुमचं दोघांचं नंतर जे झालं त्यातलं मला काही ठाऊक न्हाई. मी मोरीत होते. एवढंच ऐकलं, की सहा वेळा वापरून, धुऊन राहिलेली ती भुकटी तू हैदराबादला मोठ्या मशीनवर दाखवायला नेलीस. ती होती तशीच राहिली याचा पुरावा पाहिजे होता. मशीनवाले म्हणले, यात लोखंड न्हाई, जळकी तंबाखू हाय. दाताला घासायची माझी मिश्री. तुझ्या सरांनी तुला खोटारडा ठरवलं, प्रयोगशाळेची किल्ली काढून घेतली. तू घरी येऊन विचारलंस, मिश्री बाटलीत गेली कशी? तुझा बाप म्हणला, माझ्याकडून भुकटी सांडली, तू रागावशील म्हणून मी मायची मिश्री भरून ठेवली. तू म्हणलास, शुद्धीवर होता का? तो जरा थांबला अन् म्हणला, न्हाई, घेतली होती थोडी. मग तू गेलास.

मोरीतून बरंच ऐकू येतं.

तुझा बाप बरा हाय. डोळे पिवळे दिसतात जरा, पण यंदाचं ऊनच तसलं हाय. पोट सुटलंय, सुखाचं असंल. मिलला जायचं बंद केलंय त्यानं. बरा हाय.

सरजाबाई
(अंगठा खाली हाय. शाई अंगणवाडीची.)


उमरी, १ सप्टेंबर २०२४

आनंद्या,

उत्तर आलं न्हाई. पोस्टमनला विचारलं तर म्हणतो, आजी, आता पत्रं कोण लिहितं. मी म्हणलं, मी लिहिते, मला तर लिहिता येत न्हाई तरी लिहिते.

मागच्या पत्रात मी बापाला बरा म्हणलं. ते खोटं होतं. चालताना दम लागतो, पाय सुजलेत, दोनदा रक्ताची उलटी झाली. महामाया येऊन त्याला लातूरला घेऊन गेली, तिच्या घराजवळ मोठा दवाखाना हाय. मी चार दिवस तिथं राहून आले, उद्या परत जाणार.

डॉक्टरनं पहिलंच विचारलं, काका, किती पिता? निवृत्ती म्हणला, तेरा वर्षं झाली सोडून, पोराची आई गेली तवापासून थेंब न्हाई. महामाया तिथंच उभी. ती म्हणली, “खोटं बोलतो डॉक्टर. दोन वर्षांमागं घेतली होती, पोरापुढं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं. त्यापायी पोराचं वाटोळं झालं.” डॉक्टरनं निवृत्तीकडं बघितलं. माझ्या पोरानं मान खाली घातली. गुन्हेगार जसा घालतो तशी. मी बाकावर बसले होते, मांडीवर डबा. डबा गार झाला.

तुझी आत्या वाईट न्हाई. भावाची उशी बदलती, लघवी काढती, फक्त बोलत न्हाई त्याच्याशी. तो काही मागायचं असलं की मला सांगतो, “माय, महामायाला म्हणाव पाणी दे.” ती हातभरावर उभी असती.

उमरीतबी तेच. मिलमधले दोघंतिघं बघायला आले होते, बाहेर जाऊन म्हणले, प्यायल्यावर लिव्हर जातंच. मी आतून ऐकलं. आता तपासणी झाली, डॉक्टर म्हणतो ही दारूची न्हाई, रक्तात जुनी कावीळ होती, कधीचीतरी, कळलीच न्हाई. पण हे सांगत मी कोणाकोणाच्या दारात जाऊ?

तू फोन कर एकदा. बापाला न्हाई तर महामायाला कर.

मला तुला अजून एक सांगायचं होतं त्या बाटलीचं. पण धम्मप्रियाला घरी जायचंय, तिच्या चुलीवर दूध हाय. राहू दे.

(दूध नाही, मला घाईही नाही. मी बसले आहे. आजी उठून गेल्या. – धम्मप्रिया)

सरजाबाई


लातूर, १४ सप्टेंबर २०२४

आनंद्या,

हे अक्षर तुझ्या आत्याचं हाय. धम्मप्रियाला लिहायला सांगितलं असतं तर तिनं ‘न्हाई’चं ‘नाही’ केलं असतं. अन् हे महामायानंच लिहायला पाहिजे. ती म्हणती, माय, एवढं काय हाय, बोल. बोलते.

भुकटी मी सांडली. बापानं न्हाई.

आत्या थांबली. लिही गं.

त्या फेब्रुवारीत तू नांदेडहून आलास, सकाळच्या गाडीनं पुढं हैदराबादला जायचं होतं. सहा बाटल्या होत्या, सहा खेपांच्या. बापाला दाखवायला शेवटची बाटली काढलीस, बाहेरून चुंबक फिरवलास, अन् भुकटी काचेवर चढली. तो ल्हान पोरासारखा तीनदा चढव म्हणला. मग ती बाटली फळीवर तशीच राहिली. त्याच फळीवर माझ्या मिश्रीची बाटली. तशीच काच, तसंच काळं झाकण. तूच आणून दिली होतीस आदल्या वर्षी, डबीत मिश्री ओली होती म्हणून. तुझ्या बाटलीला चिठ्ठी होती, माझ्या बाटलीला न्हवती. वाचता येणाऱ्याला तेवढा फरक पुरतो.

सकाळी मी बाटलीत बोट घातलं अन् दाताला लावलं. खिळा चोखल्यासारखं लागलं. वाटलं मिश्री विटली. लिंबाच्या बुडाशी झटकून टाकली, बाटली आतून राखेनं घासली, चुलीपाशी वाळवली, अन् ताजी भाजलेली मिश्री भरून फळीवर ठेवली. चिठ्ठीवर चिकटपट्टी होती, तिला काही झालं न्हाई. तू घाईत उठलास, चहा अर्धा ठेवलास, बाटली पिशवीत घातलीस अन् गेलास.

दुपारी फळी पुसताना माझी बाटली हाताला लागली. भरलेली. तवाच मला कळलं, आनंद्या. तू तवा गाडीत होतास. मशीन दुसऱ्या दिवशी होतं. निवृत्तीला नुसतं म्हणायचं होतं, पोराला फोन लाव. मी म्हणले न्हाई. मनाला सांगितलं, चिमूटभर काळं, पोरगं हुशार हाय, दुसरी करंल. पण खरं ते न्हाई. मी सगळ्या उमरीत सांगत फिरत होते, माझा नातू डॉक्टर होणार, सुईवाला न्हाई, मोठा डॉक्टर. अन् मला बाटलीवरची चिठ्ठी कळली न्हाई. ती लाज मला तुझ्याहून मोठी झाली.

पुढं तू येऊन ओरडलास तवा मी मोरीत होते ते खरं. तोंडात मिश्री होती. थुंकून बाहेर येईस्तोवर बापानं आपल्यावर घेतलं होतं. असं मी अडीच वर्षं म्हणते. थुंकायला किती वेळ लागतो?

त्यानं मला त्या सकाळी राखेनं बाटली घासताना बघितलं होतं. तू ‘मिश्री’ म्हणलास अन् त्याला सगळं कळलं. तुझ्या तोंडून माझं नाव निघायच्या आत त्यानं आपलं पुढं केलं. शुद्धीवर होता का म्हणून तू विचारलंस, तवा त्याला दुसरं काही सुचलं न्हाई. शुद्धीवर असलेला माणूस असलं कशापायी करंल?

तुझी आत्या रडून राहिली. म्हणती, मी त्याला डॉक्टरपुढं काय बोलले. मी म्हणलं, आधी कागद पुरा कर. पेन ठेवून ती आत गेली होती, आत्ता आली. भावाला पाणी पाजून आली. तो म्हणला म्हणे, “आज सरळ माझ्याच हातात दिलंस?”

डॉक्टर म्हणतो थोडे दिवस. माझ्यासाठी येऊ नको. माझ्याशी बोलू नको, माझ्या हातचं खाऊ नको. पण त्याच्यापाशी बस, अन् त्यानं काही केलं न्हाई एवढं त्याला सांग. तुझ्याच तोंडून ऐकायचं राहिलंय त्याचं.

सरजाबाई


उमरी, २० ऑक्टोबर २०२४

आनंद्या,

धम्मप्रिया लिहून राहिली. आज हिला मी म्हणलं, एक अक्षर इकडंतिकडं केलंस तर अंगणवाडीत येऊन पोरांपुढं तुझं नाव सांगीन. हसली न्हाई.

तू आलास. पत्र मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी आलास, ते मी विसरणार न्हाई. खिशातून कागद काढून बापापुढं धरलास. “बाबा, आजी लिहिती हे खरं हाय?”

त्याच्या नाकात नळी. त्यानं कागदाकडं बघितलंबी न्हाई. म्हणला, “मायचं वय झालं. तिला वाटलं, आपल्या अंगावर घेतलं की तू जल्दी येशील. आलास ना?”

मी म्हणलं, “खोटं बोलून राहिला हा.”

महामायानंबी सांगितलं. पण तिला तरी कोणी सांगितलं होतं? मीच. तू माझ्या डोक्यावर हात ठेवलास, जसं काही मीच तुझी नात. “बास आजी. मला कळतंय.” तुला काही कळलं न्हाई. एवढा शिकलास अन् दोघांतलं कोण खोटं बोलतंय ते तुला कळेना.

मग तू त्याच्या पायाशी बसून म्हणलास, “बाबा, झालं गेलं. मी मनातून काढून टाकलं. माफ केलं तुम्हाला.” त्यानं डोळे मिटून घेतले. चार दिवसांनी गेला.

त्याच्या पुण्यानुमोदनाला तू विहारात उभा राहिलास. पांढरा सदरा घातला होतास, अगदी त्याच्यासारखा दिसत होतास. म्हणलास, “माझ्या वडिलांना एक सवय होती, तिच्यापायी आमच्यात अंतर पडलं, पण शेवटी मी त्यांना माफ केलं.” बाया पदर डोळ्याला लावून राहिल्या. लई चांगलं बोलला पोरगा, म्हणल्या. मी पहिल्या रांगेत खुर्चीवर. उठायला पाहिजे होतं. मिश्री न्हवती तोंडात त्या दिवशी, तरी उठले न्हाई. वाटलं, ज्यानं बाप पोचवला त्या पोराला एवढ्या लोकांत तोंडघशी कशाला पाडू. दुसऱ्या दिवशी तू गेलास. माझ्या पाया पडलास अन् गेलास.

परवा पौर्णिमेला विहारात मी उठले. सगळं सांगितलं, बाटली, राख, लिंब, सगळं. निवृत्तीनं पोराच्या आईमागं दारूला हात लावला न्हाई, हे तीनदा सांगितलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं. एकीनं मला धरून खाली बसवलं, दुसरीनं पाणी दिलं. मागं कोणीतरी म्हणलं, पोरगं गेल्याचं दुःख हाय, काहीबी बोलून राहिली म्हातारी. पाऊणशे वर्षांत मी केवढं खोटं बोलले, सगळं खपलं. हे एक खपेना.

मग मी पुरावा काढायला निघाले. तुझ्या लोकांना पुरावा लागतो ना. निवृत्तीचा मिलमधला चुंबक ट्रंकेत होता, तो घेऊन लिंबाच्या बुडाशी बसले अन् माती चाळली. काळं चिकटलं, आनंद्या. मूठभर चिकटलं. धम्मप्रियाला हाक मारली, बघ म्हणलं, हाय की न्हाई. ती शिकलेली बाई. तिनं चुंबक घेतला अन् अंगणात दुसरीकडं लावला, तिथंबी चिकटलं. रस्त्यावर लावला, तिथंबी. म्हणली, आजी, आपली काळी मातीच तसली हाय, तिच्यात लोखंड असतंच. तुझी भुकटी त्यातली कोणती, हे आता ते हैदराबादचं मशीनबी सांगायचं न्हाई.

तर पुरावा न्हाई. माझ्यापाशी निवृत्तीचं एक बोलणं उरलंय तेवढं सांगते. ते त्यानं तुला सांगू नको म्हणलं होतं.

तू त्याला माफ करून चहा प्यायला खाली गेलास. महामाया तुझ्याबरोबर गेली. खोलीत आम्ही दोघंच. मी लई चिडले होते. म्हणलं, “निवृत्ती, मरताना तरी खरं बोलायचं होतंस. पोरगं तुझ्यावर उपकार करून गेलं. काय केलं होतंस तू?”

म्हणला, “माय, हळू बोल.”

मी म्हणलं, “न्हाई बोलत हळू.”

म्हणला, “तो मला बाबा म्हणला. ऐकलंस ना? दोनदा म्हणला.”

मग त्यानं दम घेतला. त्याला एकेका शब्दाला दम लागायचा. म्हणला, “मी तर चाललो. माझ्यावरचा राग माझ्याबरोबर जाईल. तुझ्यावर धरला तर उमरीला कोणाकडं येईल तो? आई न्हाई, बाप न्हाई. एक घर राहू दे त्याला, माय. हे त्याला सांगू नको.”

असं हाय. म्हणून तो खोटं बोलला, आधीबी अन् शेवटीबी. पहिल्यांदा माझ्यासाठी, दुसऱ्यांदा तुझ्यासाठी. स्वतःसाठी बोलला असता तर मला सोपं गेलं असतं.

मी हाव म्हणलं होतं त्याला, न्हाई सांगणार म्हणून. त्याचा हात हातात घेऊन म्हणलं होतं. महिना झाला, ते हाव मी पाळून राहिले होते. विहारात बोलले, पण हे बोलणं तिथंबी सांगितलं न्हाई. आज मोडते. त्यानं जन्मभर माझं ऐकलं, मी त्याचं हे एकसुद्धा ऐकत न्हाई.

धम्मप्रिया विचारती, आजी, हे वाचून तो आला न्हाई तर? लिहू का नको? मी म्हणलं, लिही. त्याला घर राहावं म्हणून माझं पोरगं दारुडा होऊन जळालं, तसलं घर घेऊन मी काय करू.

तू दिलेली माफी परत घे. त्याला ती लागत न्हवती. मला दे असं म्हणत न्हाई. ती तुझ्यापाशीच ठेव, देऊ वाटली तर दे, न्हाई तर न्हाई. पुढच्या सप्टेंबरात त्याचं वर्ष होईल. आलास तर विहारात उभा राहा अन् एकच वाक्य बोल. आला न्हाईस तर हैदराबादला खोलीत एकटा असशील तवा बोल, पण मोठ्यानं बोल.

लिही धम्मप्रिया, मोठ्या अक्षरात लिही, अन् ‘नव्हता’च लिही, माझ्या बोलीत लिहू नको, म्हणजे कोणाला चुकीचं वाचता यायचं न्हाई:

त्या दिवशी निवृत्ती प्यालेला नव्हता.

सरजाबाई